पाडव्याला मधपेटी आणा, पण हिशेब पावसाळ्याचा मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी पुण्यात, भोर तालुक्यात भाटघरच्या वरच्या अंगाला दोन एकर डोंगरउताराची जमीन, शनिवार-रविवार तिकडे जाणं. परदेशी मधपाळांचे व्हिडिओ बघून मधमाश्या पाळायची हौस लागली आहे. 'सगळे म्हणतात वसंतात सुरुवात करावी. मग गुढीपाडव्याच्या आत युरोपियन माश्यांच्या दोन पेट्या घेऊ का? मे महिन्यात घरचा मध मिळेल का? आठवड्यातून एकदा लक्ष दिलं तर चालेल का? घरात सात वर्षांची मुलगी आहे, तिला धोका आहे का?'

चारही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी एक गोष्ट. तुमची अडचण मार्चमध्ये येणार नाही, ती येईल जुलैमध्ये. मार्चमध्ये पेटी आणली तर ती चालतेच. फुलं असतात, ऊन असतं, माश्या खूश असतात आणि आपल्याला वाटतं की जमलं आपल्याला. त्याच पेटीचं झाकण ऑगस्टमध्ये उघडावं तर आत मेणकिड्यांनी, म्हणजे पोळ्याचं मेण पोखरणाऱ्या अळ्यांनी, जाळी केलेली असते आणि माशी एकही नसते. हौसेने पेटी घेतलेल्या बहुतेकांचा पहिला पावसाळा असाच गेलेला मी पाहिला आहे, आणि त्यातले बरेच जण पुन्हा या वाटेला फिरकले नाहीत.

वसंतात सुरुवात करा हा सल्ला थंड देशांतला आहे आणि तिथे तो अगदी बरोबर आहे. तिकडे माश्यांना जपावं लागतं ते हिवाळ्यात. बर्फ वितळला की फुलं येतात, वसाहत वाढते, उन्हाळाभर मध साठतो आणि पुढच्या थंडीपर्यंत नवशिक्याच्या हातात सहा-सात महिने असतात. सह्याद्रीत माश्यांचं वर्ष दसरा-दिवाळीला सुरू होतं. पाऊस ओसरतो, सोनकी, कारळा आणि बाकीची रानफुलं येतात, त्यांच्यावर वसाहती सावरतात. थंडीत जरा संथ असतात. संक्रांतीनंतर सावर, पळस, पांगारा फुलले की राणी जोरात अंडी घालायला लागते. मार्च-एप्रिलमध्ये अंजनी, जांभूळ, त्यांच्यामागे हिरडा, करंज, गेळा. आपल्याकडचा मध मुख्यतः याच दिवसांतला. मृगाचा पाऊस लागला की बाहेरची आवक जवळजवळ बंद. म्हणजे पाडव्याला पेटी आणणारा माणूस पंगतीला पोचतो तो शेवटच्या वाढपाला.

म्हणून माझं मत असं: फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उत्तम, पाडवा चालेल, अक्षय्य तृतीयेनंतर नवी पेटी घेऊ नये. त्या वेळी घ्यायचीच असेल तर सरळ दिवाळीपर्यंत थांबावं. दिवाळीत घेतलेली वसाहत पावसाळ्यातून तगून आलेली असते आणि पुढे सात-आठ महिने तुम्हाला शिकायला मिळतात. तरीही तुमचा उत्साह आत्ता आहे आणि तोही महत्त्वाचा, त्यामुळे वसंतात सुरुवात करायला मी नाही म्हणत नाही. फक्त पहिल्या वर्षाचं यश मधाच्या बाटल्यांत मोजू नका. पुढच्या दिवाळीत पेटीत राणी अंडी घालत असेल तर तुम्ही पास.

हे सगळं जागेवर अवलंबून आहे, हे मोकळेपणाने सांगतो. माझ्या पेट्या जावळीच्या बाजूला, जंगलाच्या कडेला आहेत. तुमच्याकडचा पाऊस आणि झाडोरा त्याच्या जवळपास जाणारा आहे म्हणून मी एवढ्या ठामपणे बोलतोय. हाच प्रश्न सोलापूर किंवा बीडहून आला असता तर उत्तर बदललं असतं. तिथे माश्यांचे सुगीचे दिवस म्हणजे करडई, सूर्यफूल, कांद्याचं बियाणं, कोथिंबिरीचं बी असलेला हिवाळा, आणि त्यांना घोर लावतो तो एप्रिल-मेचा चाळिशीपुढचा उन्हाळा. कोकणात नारळ-पोफळीच्या बागेत बारा महिने थोडाफार पराग असतो, त्यामुळे तिथला पावसाळा जरा सुसह्य जातो. तेव्हा पेटी घेण्याआधी आपल्या जमिनीभोवतीच्या किलोमीटरभरात काय फुलतं आणि कधी फुलतं, हे एका वहीत लिहून काढा. सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी माशी, साधारण एवढ्याच टापूत फिरते. गावातल्या गुराख्याला विचारलंत तर तो तासाभरात सगळी झाडं महिन्यासकट सांगेल.

आता माशी कोणती. आपल्याकडे पोळं बांधणाऱ्या माश्या चार प्रकारच्या: आग्या, फुलोरी, सातेरी आणि बाहेरून आणलेली युरोपियन, म्हणजे मेलिफेरा. पोयाची छोटी बिनडंखी माशी वेगळी. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्या पेटीत राहत नाहीत, त्यामुळे तो विचार सोडा. आग्याच्या पोळ्याशी खेळायला तर अजिबात जाऊ नका. राहिल्या दोन. सातेरी अंधाऱ्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, वारुळात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते, आणि म्हणूनच ती पेटीतल्या चौकटींवर, म्हणजे पोळं बांधायला ओळीने लावलेल्या लाकडी पट्ट्यांच्या चौकोनांवर, नांदते.

मेलिफेरा भारतात रुजली ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, हिमाचलमधल्या नगरोट्याच्या प्रयोगांपासून. मध भरपूर देते, शांत असते, सहसा पेटी सोडून जात नाही. मग ती का घेऊ नये? कारण तिला एका जागी बसवून ठेवायला लागेल एवढा फुलोरा तुमच्या दोन एकरांच्या आसपास बारा महिने नाही. मेलिफेरा पाळणारे व्यावसायिक पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरीमागे, सूर्यफुलामागे फिरतात. एका जागी ठेवलीत तर पावसाळाभर साखर ओतत बसावं लागेल, आणि माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या वरोआ माइट या बारीक किडीचा बंदोबस्त वेगळा. वरोआ मुळात सातेरीचाच सोबती. सातेरी एकमेकींच्या अंगावरचे माइट वेचून काढते, त्यामुळे तिला त्याचं फारसं काही वाटत नाही. मेलिफेराला ती सवय तेवढी नाही.

सातेरीचे दोष मात्र लपवत नाही. मध कमी देते. चांगल्या जागी, अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षाला पाच ते दहा किलो, हौशी माणसाला पहिल्या वर्षी दोन-तीन किलो मिळाला तरी भरून पावलं म्हणायचं. तिची वसाहत लवकर फुटते, म्हणजे निम्म्या माश्या जुन्या राणीबरोबर झुंडीने निघून जातात. आणि उपासमार, मुंग्या, मेणकिडा, उकाडा किंवा उगाचची ढवळाढवळ सहन झाली नाही तर अख्खी वसाहत पेटी टाकून चालती होते. तरीही ती इथली आहे, तुमच्या डोंगरातल्या ढोल्यांत आजही राहते आहे, आणि तिथला पाऊस तिच्या अंगवळणी पडलेला आहे. हौशी माणसाने सातेरीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

किती पेट्या? दोन. एक नको आणि पाचही नकोत. दोन असल्या की तुलना करता येते. एका पेटीतून पराग घेऊन माश्या भराभर आत शिरताहेत आणि दुसरीच्या दाराशी सामसूम आहे, हे एकच पेटी असेल तर कळत नाही. शिवाय एका पेटीतली राणी गेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची चौकट तिला देता येते, आणि त्या अंड्यांतून माश्या नवी राणी वाढवतात. एकुलती पेटी राणीविना झाली की तो खेळ संपला.

विकत घेताना खरी फसगत होते, म्हणून इथे जरा रेंगाळतो. पेटी म्हणजे लाकूड, ते कुठेही मिळतं. तुम्ही पैसे मोजता ते वसाहतीचे. सातेरीसाठी भारतीय मानकाची 'ए' प्रकारची पेटी आपल्याकडे सर्वत्र चालते: तळपाट, आठ चौकटींची खालची कोठी, तिच्यावर मध साठवायची मधकोठी, आतलं झाकण, वरचं छप्पर. दोन्ही पेट्या एकाच मापाच्या घ्या, नाहीतर चौकटी एकमेकींत बसणार नाहीत. त्यानंतर विकणाऱ्याला सांगायचं, 'उघडून दाखवा.' आणि उघडायची ती दुपारी उन्हाच्या वेळी, त्याच्याच जागेवर. जो संध्याकाळी बंद पेटी गाडीत ठेवून देतो त्याच्याकडून घेऊ नका.

मधली एक चौकट उचला, सूर्य पाठीमागे घ्या, ऊन खांद्यावरून थेट पोळ्यावर पडू द्या आणि चौकट किंचित तिरकी धरा. कोठड्यांच्या तळाशी पांढऱ्या दोऱ्याचा बारीक तुकडा उभा चिकटवल्यासारखं दिसेल. ते अंडं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं याचा अर्थ राणी गेल्या चोवीस तासांत इथे येऊन गेली आहे, मग ती प्रत्यक्ष दिसली नाही तरी हरकत नाही. एका कोठडीत एकच अंडं हवं. एकाच कोठडीत दोन-तीन अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, दिसली तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालताहेत असं समजा. अशी वसाहत फुकट मिळाली तरी घेऊ नका.

अंड्यांच्या बाहेरच्या भागात दुधासारख्या खाद्यात पहुडलेल्या, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्याशुभ्र अळ्या असतात. त्यांच्यापुढे तपकिरी मेणाने झाकलेले कोष. हा सगळा पिलावा सलग असावा, मध्ये मध्ये भोकं पडलेली नकोत. एखादी अळी कोठडीत लांबट ताठ मरून पडलेली, डोकं वर उचललेलं आणि चिमट्याने ओढली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येणारी दिसली तर तो सॅकब्रूड. विषाणूचा रोग आहे, औषध नाही. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती याच रोगाने ओस पडल्या होत्या. तिथून हात झटकून निघा, आणि घरी येऊन कपडे आणि चौकटी सुट्या करायची पटाशी धुवा.

चौकटींच्या खालच्या कडेला जरा फुगीर टोप्यांचे कोष दिसतील, आणि टोपीच्या मध्यभागी टाचणीने टोचल्यासारखं छिद्र असेल. ते नरांचे. सातेरीची ही खास खूण आहे, मेलिफेराच्या नरकोषाला असं छिद्र नसतं. नवशिके त्याला कीड समजून घाबरतात. ती कीड नव्हे, पण सूचना नक्की आहे: वसाहत भरात आली आहे आणि फुटायच्या विचारात आहे.

चार-पाच चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी भरलेल्या, त्यांतल्या निदान तीन चौकटींवर पिलावा, कोपऱ्यांत मध आणि पराग, एवढं असलं की वसाहत घेण्यासारखी. आठही चौकटी ठासून भरलेली पेटी मार्चमध्ये घेऊ नका. ती चार दिवसांत फुटेल, आणि निम्म्या माश्या शेजारच्या आंब्यावर लटकलेल्या दिसतील.

डोंगरातल्या ढोलीतली वसाहत काढून पेटीत भरावी असंही कोणीतरी तुम्हाला सुचवेल. करता येतं, पोळी कापून केळीच्या सोपटाने चौकटींना बांधतात. पण पहिल्या वर्षी स्वतः करू नका. जाणता माणूस करत असेल तर शेजारी उभं राहून बघा.

प्रशिक्षण घ्या, हे वेगळं सांगायला नको. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, म्हणजे तुमच्यापासून दोन-तीन तासांवर. पुण्यात शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. मंडळाच्या योजनेत साहित्याला निम्मं अनुदान असतं, मात्र त्यासाठी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. आणि एखादा रविवार काढून महाबळेश्वरजवळच्या मांघरला जाऊन या. २०२२ साली ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथल्या म्हाताऱ्या मधपाळांबरोबर घालवलेला एक तास दहा व्हिडिओंना भारी पडतो.

पेटी कुठे ठेवायची? सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी सावली असेल अशा जागी. दार पूर्वेला किंवा आग्नेयेला, पायवाटेकडे तोंड नको. नैऋत्येकडून येणारा पाऊस थेट दारात शिरणार नाही, हे मार्चमध्येच बघून ठेवा, कारण जूनमध्ये पेटी हलवता येत नाही. माश्यांना जागा पाठ असते. पेटी दहा-वीस फूट सरकवली तर बाहेरून आलेल्या माश्या जुन्या जागेवरच घिरट्या घालत मरतात. स्टँड गुडघ्याएवढ्या उंचीचा, चारही पायांखाली पाणी भरलेल्या वाट्या. वाट्यांमधलं पाणी आटलं की त्याच रात्री मुंग्या चढतात, शनिवारची वाट बघत नाहीत. म्हणून पाण्यावर थोडं जुनं इंजिन ऑइल टाकतात, ते लवकर सुकत नाही. गवताची काडीसुद्धा स्टँडला टेकलेली नको, मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. पेटी पुढच्या बाजूला किंचित कललेली ठेवा म्हणजे पाणी आत साचणार नाही. जवळ उथळ भांड्यात खडे घालून पाणी ठेवा.

आजूबाजूला कोणी फवारणी करत असेल तर आधीच जाऊन बोला. 'संध्याकाळी फवारा आणि आदल्या दिवशी सांगा,' एवढंच मागायचं. बहुतेक शेतकरी ऐकतात, विशेषतः माश्या असल्या की काकडी-भोपळ्याला फळ जास्त धरतं हे त्यांना एकदा दिसलं की.

पेटी आणल्यावर पहिले सात-आठ दिवस उघडायची नाही. रात्री दाराला जाळी लावून आणायची, जागेवर ठेवून दार मोकळं करायचं आणि बाजूला व्हायचं. त्यानंतर दहा दिवसांनी एकदा, पाच-दहा मिनिटं. व्हिडिओत माणूस अर्धा तास चौकटी हातात घेऊन बोलत असतो ते बघू नका, त्याच्या माश्या मेलिफेरा आहेत. सातेरीला ते खपत नाही. धूर थोडा, वाळलेल्या शेणीचा किंवा गोणपाटाचा, दारात दोन फुंकर. धूर करून माश्या कोंडायच्या नसतात.

मार्चमध्ये बघायचं ते मुख्यतः चौकटींच्या खालच्या कडेला. शेंगदाण्याच्या टरफलासारखी, खाली तोंड करून लोंबणारी कोठडी म्हणजे राणीकोठी. त्या पाच-सात दिसल्या की वसाहत फुटणार. तुमच्यापुढे दोन मार्ग. एक तर राणीकोठ्या खुडून वर मधकोठी चढवा, जागा द्या आणि दर आठवड्याला पुन्हा खुडत राहा. हा मार्ग कटकटीचा आहे आणि एखादी कोठी नजरेतून सुटतेच. दुसरा म्हणजे वसाहत स्वतःच विभागा. जुन्या राणीसकट दोन-तीन चौकटी नव्या पेटीत, बाकीच्या राणीकोठ्यांसह जुन्या जागी. नवी राणी अंड्यापासून सोळा दिवसांच्या आसपास बाहेर येते, मग नरांशी संयोगासाठी उडते, आणि तिची पहिली अंडी दिसायला आणखी आठ-दहा दिवस लागतात. तोवर ती पेटी उघडू नका. तिचं उड्डाण चालू असताना आपण झाकण काढून उभे राहिलो तर ती वाट चुकते.

विभागणी मार्चअखेरपर्यंतच करा. एप्रिलमध्ये केली तर दोन्ही वसाहती पावसाळ्याच्या तोंडावर अशक्त राहतात. आणि अशक्त वसाहत म्हणजे मेणकिड्याला आवतण.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: सातेरीच्या दोन मध्यम वसाहती, फेब्रुवारी ते पाडवा, प्रशिक्षण आधी, जागा पावसाचा विचार करून निवडलेली, आणि एप्रिलपर्यंत त्या फुटू न देणं. आता मध.

मे महिन्यात मध मिळेल का? मधकोठीत साठला असेल तर मिळेल. खालच्या कोठीतला मध माझ्या लेखी आपला नाहीच, तो जुलैचा शिधा आहे. मधकोठीतली चौकटही तीन चतुर्थांश तरी पांढऱ्या मेणाने झाकलेली असेल तरच काढायची. उघड्या कोठड्यांतला मध कच्चा असतो, पाणी जास्त, बाटलीत आंबतो. सातेरीचा मध मुळातच मेलिफेरापेक्षा पातळ असतो, त्यामुळे इथे घाई नडते. फिरवायच्या यंत्राने काढा, पोळं पिळू नका. पोळं शाबूत राहिलं की माश्या त्यातच पुन्हा मध भरतात. तुमच्याकडे जांभूळ असेल तर तो मध गडद आणि किंचित कडवट लागेल, बिघडला म्हणून टाकून देऊ नका. हिवाळ्यात मधाचे कण झाले तर तीही भेसळ नव्हे. मेच्या वीस तारखेनंतर मध काढू नका. त्यानंतर जे येईल ते त्यांचं.

जूनपासून खरं काम. पहिला पाऊस पडला की मधकोठी काढून घ्या आणि जी पोळी माश्यांनी झाकलेली नाहीत तीही काढा. रिकाम्या पोळ्यात मेणकिडा पतंग रात्रीत अंडी घालतो आणि अळ्या मेणातून बोगदे करत, मागे रेशमी जाळं सोडत जातात. माश्या असलेल्या पोळ्यात त्याचं काही चालत नाही, कामकरी अळ्या ओढून बाहेर फेकतात. म्हणून पावसाळ्याचा एकच नियम: माश्या जेवढ्या, तेवढीच पोळी. चार चौकटींच्या माश्या असतील तर चारच चौकटी, आणि बाजूची मोकळी जागा फळीने बंद. तळपाट दर आठवड्याला सरकवून पुसा. तळाला काळे दाणे आणि मेणाचा भुसा दिसला की किडा शिरलाय असं समजा. दार लहान करा, दोन माश्या शेजारून जातील एवढंच. गांधीलमाशीही त्याने थोपते. छपरावर प्लास्टिक टाकताना दार आणि हवा मोकळी राहील असं बघा, आतली दमट हवा पावसाइतकीच वाईट.

आणि साखर. पावसाळ्यात माश्यांना द्यायचा पाक घट्ट असावा, दोन भाग साखर आणि एक भाग पाणी. पातळ पाक वसंतात, पिलावा वाढवायला. पाणी उकळून खाली उतरवा, साखर विरघळवा, गार होऊ द्या. साखर जाळायची नाही, गूळ वापरायचा नाही आणि बाजारातला मध तर मुळीच नाही, त्यातून रोग येतात. बरणीच्या झाकणाला खिळ्याने बारीक छिद्रं पाडून ती चौकटींवर पालथी ठेवायची. वेळ अंधार पडताना, दोन्ही पेट्यांना एकाच दिवशी. दिवसा दिलात किंवा थेंब बाहेर सांडलात तर ताकदवान पेटीच्या माश्या अशक्त पेटी लुटतात. एका वसाहतीला आठवड्याला पाव ते अर्धा लिटर पुरतो. पाऊस उघडून चार दिवस ऊन पडलं आणि पायांना रंगीत पराग लावून माश्या येताना दिसल्या तर त्या आठवड्यात कमी द्या.

म्हणून आठवड्यातून एकदाचं उत्तर: फेब्रुवारी ते मे चालेल, जून ते सप्टेंबर चालणार नाही असं नाही, पण मग एकही शनिवार चुकवता येणार नाही. भाटघरच्या वर जुलैमध्ये दरड पडून रस्ता बंद असण्याचे दिवस येतात, ते धरून चाला. गावात कोणीतरी विश्वासाचा माणूस हवा, जो मधल्या दिवसांत वाट्यांतलं पाणी बघेल आणि संध्याकाळी बरणी बदलेल. त्याला पैसे द्या, किंवा दुसरी पेटी सरळ त्याच्या नावाने ठेवा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. स्वतःच्या पेटीकडे माणूस न सांगता बघतो.

पेटीला कंटाळलेल्या वसाहतीची लक्षणं ओळखायला शिका. पराग आणणं थांबतं, चौकटीवर अंडी दिसत नाहीत, उरलेला पिलावा फुटून बाहेर आलेला असतो आणि मध संपवलेला असतो. असं दिसलं तर पुढच्या दोन-चार दिवसांत त्या जाणार. लगेच पाक द्या, मुंग्या आणि किडा तपासा, आणि दुसऱ्या पेटीतली अंडी-अळ्या असलेली एक चौकट आणून आत ठेवा. लहान पिलावा टाकून माश्या सहसा जात नाहीत.

शेवटी मुलीचं. सातेरी उगाच डसत नाही, पण दारासमोर उभं राहिलं, पेटीला धक्का बसला किंवा ढगाळ दिवशी उघडली तर डसते. डंख बसला तर नांगी लगेच काढा, कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. नखाने खरवडलीत तरी चालेल. जागेवर सूज आणि खाज येणं नेहमीचंच. मात्र अंगभर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. तुमच्या जागेपासून इंजेक्शन देऊ शकेल असा दवाखाना किती मिनिटांवर आहे, हे पेटी आणण्याआधी बघून ठेवा. घरात कोणाला आधी माशी चावून असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पेटी घेऊ नका. मुलीला जाळीची टोपी आणि फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पेटीच्या बाजूला उभी करा, समोर नाही. अत्तर, सुगंधी तेल, गजरा त्या दिवशी नको.

तुमच्या जमिनीची समुद्रसपाटीपासून उंची, जवळ जांभूळ-हिरडा किती आहे आणि पावसाळ्यात गावात कोण राहतं, हे तिन्ही कळवलंत तर दोन पेट्या की दिवाळीपर्यंत थांबायचं, हे नेमकं सांगता येईल.